सरावाचं पोट

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे, पण उशी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं ते आधी पुसून टाका. माझ्यावर कोणी डोकं ठेवून झोपत नाही. मला अभ्रा नाही, झालर नाही आणि पलंगावर जागाही नाही. दवाखान्याच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या छोट्या खोलीत एक टेबल आहे, त्यावर वजनकाट्याच्या बाजूला मी बसते. खोलीत येणारे लोक मला सुईने टोचतात. रोज टोचतात, आणि टोचून झालं की सुटकेचा श्वास सोडतात. मी पोट आहे. खरंखुरं नव्हे, सरावाचं.

अंगावर काटा आला ना? येऊ द्या, मला काही लागत नाही. माझ्या आत नुसता फोम आहे, आणि तोही टाकाऊ सामानातून उचललेला. एका मोडक्या खुर्चीची गादी फेकून देत होते, ती आमच्या सिस्टरांनी वाचवली. म्हणजे आधी लोक माझ्यावर बसायचे आणि आता मला टोचतात. नशिबात माणसांचाच सहवास लिहिलाय म्हणायचा.

आमच्या सिस्टर इंजेक्शन द्यायला नाहीत, शिकवायला आहेत. ज्यांच्या रक्तात साखर वाढते अशा लोकांना डॉक्टर वर तपासतात, औषध लिहून देतात आणि खाली सिस्टरांकडे पाठवतात. ते औषध घरी कसं घ्यायचं, कधी घ्यायचं, काय खायचं, पाय कसे जपायचे, हे सगळं सिस्टर समजावतात. आपल्या सगळ्यांच्या पोटात इन्सुलिन नावाचा एक रस तयार होतो. तो असला की खाल्लेल्या अन्नातली साखर शरीराच्या कामाला लागते. काही जणांचा हा रस कमी पडतो, मग साखर रक्तातच साचून राहते. अशांना तो बाहेरून द्यावा लागतो आणि तोही सुईनेच, कारण गिळला तर पचून जातो. सुई म्हटलं की भलेभले गार पडतात. म्हणून तर माझा जन्म झाला.

माझ्याआधी सिस्टर संत्र्यावर शिकवायच्या. पण संत्रं टेबलावरून घरंगळायचं, लोक हसायचे आणि मुख्य म्हणजे संत्र्याला बेंबी नसते. बेंबीपासून दोन बोटं जागा सोडून सुई द्यायची असते, तेव्हा बेंबी तर हवीच. एका सुट्टीच्या दिवशी सिस्टरांनी तो फोम आणि अंगाच्या रंगाचा एक जुना पडदा सासूबाईंपुढे ठेवला आणि म्हणाल्या, मला एक पोट शिवून द्या. सासूबाईंनी चष्मा वर केला, सुनेकडे बघितलं आणि म्हणाल्या, पोट शिवून मागणारी सून माझ्या बघण्यात तरी पहिलीच. पण बाईंचा हात मशीनवर असा काही चालला म्हणता! मधोमध कोटाचं तपकिरी बटण लावून त्यांनी मला बेंबी दिली. दोन्ही बाजूंना जुन्या एप्रनचे लांब बंद जोडले, म्हणजे मला कोणाच्याही कमरेला बांधता यावं. शेवटी मला थोपटून त्या एवढंच म्हणाल्या की जरा बारीक शिवायला हवं होतं, दवाखान्यातलं पोट आहे, लोकांना चांगला आदर्श नको का.

खोलीत आल्यावर माझी गाडी जोरात सुटली. किती हात माझ्यापाशी आले! ट्रकवर ओझी चढवणारा एक दांडगा माणूस सुईचं टोपण उघडलेलं बघूनच खुर्चीत कोसळला. एक शाळकरी मुलगी मात्र दोनदा बघून तिसऱ्यांदा स्वतः करू लागली आणि डोळे मिटून बसलेल्या बाबांना म्हणाली, उघडा आता, झालं. एक निवृत्त शिक्षक मला टोचण्याआधी इतके प्रश्न विचारायचे की सिस्टरांच्या नाकी नऊ यायचे. इन्सुलिनचं इंजेक्शन लिहायच्या पेनासारखंच दिसतं, म्हणून त्याला पेन म्हणतात; सरावाच्या पेनात औषध नसतं, नुसतं पाणी असतं. पेनची मूठ फिरवून डोसचा आकडा लावायचा, सुई सरळ आत घालायची, बटण दाबायचं, मनात दहापर्यंत मोजायचं आणि मग सुई बाहेर काढायची. एवढंच तर काम. पण एवढंच काम करताना माणसांच्या कपाळावर घामाचे थेंब मी बघितलेत.

सिस्टर कोणावर चिडत नाहीत. साखर वाढलेली दिसली तरी त्या आधी माणसाचं पोट बोटांनी चाचपून बघतात, कारण एकाच जागी सारखं टोचलं की तिथे गाठ येते आणि त्या गाठीत औषध अडकून बसतं. लोकांना वाटतं, सिस्टर पोट चाचपून काय खाल्लं ते ओळखतात. काही जण तर घाबरून आपणहून कबूल करून टाकतात, आणि सिस्टर हसू दाबत ऐकून घेतात.

मध्यंतरी माझे वाईट दिवसही आले, तेही सांगते. एका कंपनीने खोलीला रबरी पोट भेट दिलं. गोरं, गुळगुळीत, हात लावला तर अगदी कातडीसारखं. त्याच्यापुढे मी म्हणजे चहाच्या डागांचं गाठोडं. माझी रवानगी कपाटावर झाली, जुन्या कॅलेंडरांच्या शेजारी. धूळ खात पडले होते, खोटं कशाला बोलू, मनाला लागलं होतं. पण रबरी पोट इतकं महागाचं निघालं की वरिष्ठांनी ते काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. पाहुणे आले की ते दाखवायचं, आणि पेशंट आले की मला खाली काढायचं. मी पुन्हा टेबलावर आले आणि ते बिचारं अजून काचेतून आमच्याकडे बघत बसतं.

आता मला जे सांगायचंय त्याच्याकडे येते.

एक दिवस चष्मेवाले काका आणि काकू आले. काकांचं बाजारात चष्म्यांचं छोटं दुकान होतं. माणूस मोठा गप्पिष्ट, पण त्या दिवशी गप्प होता. नव्या बुटाने पायाच्या अंगठ्याला घासलं होतं, आणि एवढीशी ती जखम काही केल्या भरत नव्हती. एका पायात बूट, दुसऱ्या पायात सपात अशा थाटात ते आले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, साखर खाली आल्याशिवाय जखम भरणार नाही, आणि ती चिघळली तर अंगठा काढावा लागेल. गोळ्यांनी भागत नव्हतं, म्हणून इन्सुलिन सुरू करायचं ठरलं.

काकांना सुई बघवत नव्हती. म्हणजे द्यायची काकूंनीच. आणि काकूंचा हात असा कापत होता की पहिली सुई मला सोडून टेबलात रुतली. सिस्टरांनी त्यांना पाणी दिलं, जरा इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग मला उचलून काकांच्या शर्टावरून त्यांच्या कमरेला बांधलं. समोर आपलं माणूस असलं, त्याचंच पोट आहे असं वाटलं, की हाताला अंदाज येतो, ही त्यांची नेहमीची पद्धत. दोन-तीनदा चुकून काकूंना ते जमलं. हात स्थिर झाला. काका तर खूश, म्हणाले, मला कळलंसुद्धा नाही. कसं कळणार? मध्ये मी होते.

एरवी सिस्टर पहिलं खरं इंजेक्शन आपल्यासमोर द्यायला लावतात. पण काकांचं औषध अजून दुकानातून आणायचं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून सुरू करायचं होतं. तेवढ्यात वरून निरोप आला की वॉर्डमधल्या एका लहान मुलाची साखर एकदम खाली गेलीय, लगेच या. काकूंच्या डोळ्यांत पुन्हा भीती दिसली, घरी जाऊन हात परत कापला तर? सिस्टरांनी मला त्यांच्या हातात ठेवलं. हिला घेऊन जा, भीती जाईपर्यंत राहू दे तुमच्याकडे, अगदी अशीच द्यायची, समजलं ना, असं म्हणाल्या. काकू म्हणाल्या, समजलं. काका म्हणाले, समजलं. सिस्टर जिना चढून धावल्या, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा पाहुणी म्हणून निघाले.

घर नीटनेटकं होतं. काका, काकू आणि त्यांची नोकरी करणारी मुलगी, अशी तीन माणसं. मुलगी सकाळी लवकर बाहेर पडायची आणि संध्याकाळी परतायची. आल्या आल्या बाबांच्या बोटाचा थेंब घेऊन मशीनवर साखर बघायची, हे तिने स्वतःकडे घेतलं होतं. मला कपाटात मानाची जागा मिळाली. म्हटलं, चला, चार दिवस आराम, मग परत कामाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी हात धुतले, मला बाहेर काढलं आणि काकांच्या कमरेला बांधलं. मला वाटलं, आधी थोडा सराव करतील. त्यांनी पेनला नवी सुई लावली, आकडा लावला, बटणापासून दोन बोटं मोजली आणि सुई माझ्यात घातली. दहापर्यंत मोजलं. आणि मी दचकले. हे पाणी नव्हतं. फिनेलसारखा उग्र वास माझ्या अंगात पसरला. ते खरं औषध होतं.

मित्रांनो, त्या दोघांना वाटलं होतं की इन्सुलिन असंच द्यायचं असतं, मला बांधून! सिस्टरांनी दाखवलं तस्सं. काकांनी तर त्यामागचं शास्त्रही शोधून काढलं होतं. औषध उशीतून हळूहळू झिरपतं, म्हणून तर दहापर्यंत मोजायचं असतं, असं ते काकूंना समजावून सांगत होते. पोटात थेट सुई कोण घालेल, एवढ्या प्रेमळ बाई त्या सिस्टर! पोटाला ओल लागली की म्हणायचे, बघ, गार गार लागतंय, पोचलं. औषध वाया जाऊ नये म्हणून पेपर वाचून होईपर्यंत ते मला सोडायचे नाहीत. आणि काकू मला उन्हात घालायच्या नाहीत, का तर औषध उडून जाईल.

मी काय करणार? मला बेंबी आहे, तोंड नाही. रोज सकाळी मी ओली होत होते आणि मनातल्या मनात ओरडत होते. त्या घरात साखर ताब्यात राहिली असेल तर ती फक्त माझी.

सिस्टरांचा फोन आला होता. देताय ना, काही त्रास नाही ना? काकूंनी मोठ्या समाधानाने सांगितलं, अगदी छान चाललंय, ह्यांना कळतसुद्धा नाही. सिस्टरांना बरं वाटलं. काका दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले की आमच्या हिचा हात काय हलका आहे, नर्स व्हायला हवी होती. काकू लाजायच्या. त्यांच्या आयुष्यात त्यांचं असं कौतुक फारसं झालं नसावं, कारण त्या आठवड्यात त्या घरभर गुणगुणत फिरत होत्या.

साखर मात्र वरच. काकांना सारखी तहान लागायची, गाल बसत चालले होते. नजर धूसर व्हायला लागली, तर त्यांना वाटलं नंबर वाढला. दुकान घरचंच, लगेच नवा चष्मा केला. चार दिवसांत तोही चालेना, मग तिसरा. साखर वाढली की डोळ्यांचा नंबर असा हलतो, हे जन्मभर चष्मे विकलेल्या माणसाच्याही ध्यानात आलं नाही, कारण स्वतःच्या बाबतीत कोण असा विचार करतं? अंगठ्याची जखम काळपट दिसू लागली. मुलीने डॉक्टरांना फोन केला, त्यांनी डोस वाढवला. मी आणखी ओली झाले. साखर हलली नाही. डोस आणखी वाढला.

मग घरात संशय शिरला. औषध चाललंय, डोस वाढतोय, तरी साखर खाली येत नाही, म्हणजे बाबा चोरून गोड खातात आणि आई त्यांना देते. मुलीने दुसरं काय समजावं? तिने स्वयंपाकघराची कपाटं उलटीपालटी केली. साखरेचा डबा आपल्या खोलीत नेऊन ठेवला. आणि एक दिवस तिला काकांच्या कोटाच्या खिशात चॉकलेटच्या गोळ्या सापडल्या. त्या सिस्टरांनीच ठेवायला सांगितल्या होत्या, साखर अचानक कमी झाली तर तोंडात टाकायला. काकांनी तसं सांगितलं, तर ती म्हणाली, दर वेळी सिस्टरांचं नाव पुढे करू नका.

ती आईकडे वळली. आवाज चढवला नाही, पण जे बोलली ते मला अजून ऐकू येतं.

"आई, बाबांचा अंगठा गेला ना, तर तो तू घालवलेला असेल."

दोघी एका घरात राहून एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. दुसऱ्या दिवशी काका अंघोळीला गेल्यावर काकू मला घेऊन खाटेवर बसल्या आणि माझ्यावर कपाळ टेकून रडल्या. मी उशी असून कोणी माझ्यावर डोकं ठेवायची ती पहिलीच वेळ. मला इतकं वाईट वाटलं मित्रांनो, की मोडक्या खुर्चीतच राहिले असते तर बरं झालं असतं असं वाटून गेलं. ज्या बाईने एक दिवस न चुकता, हात धुऊन, आकडे मोजून सगळं केलं, तिच्यावरच आळ, आणि खरं काय ते माहीत असलेली मी एकटी.

तपासणीचा दिवस आला. तिघंही आली. डॉक्टरांनी अंगठा बघितला आणि आणखी एक आठवडा बघू म्हणाले, साखर उतरली नाही तर भरती व्हावं लागेल, आणि मग अंगठ्याचं मी काही सांगू शकत नाही. तिथून सगळे खाली आमच्या खोलीत आले. मी काकूंच्या पिशवीत होते. खोलीचा ओळखीचा वास आला आणि माझा जीव थोडा भांड्यात पडला.

मुलीने बसण्याआधीच गाऱ्हाणं मांडलं. ही दोघं पथ्य पाळत नाहीत, मी दिवसभर बाहेर असते, मी किती लक्ष ठेवू, तुम्हीच समजावा. काका खाली बघत होते. काकू पिशवीचे बंद पिळत होत्या. सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं. काय खाल्लं, किती खाल्लं, एका अक्षराने विचारलं नाही. काकांचं पोट बघायला त्या उठल्या, पण मध्येच थांबल्या आणि पुन्हा बसल्या.

"काकू, घरी सकाळी कशी देता, ते मला करून दाखवता? अगदी पहिल्यापासून."

काकूंना जरा धीर आला. हे तर त्यांना येत होतं. त्यांनी हात धुतले, मला पिशवीतून काढलं. काका सवयीने उभे राहिले आणि शिंप्यासमोर माप द्यायला उभं राहावं तसे हात वर केले. काकूंनी मला त्यांच्या कमरेला बांधलं, मागे घट्ट गाठ मारली. सुई लावली. दोन्ही टोपणं काढली. आकडा लावला. बेंबीपासून दोन बोटं. कालची जागा सोडून बाजूला. सुई सरळ. बटण. ओठ हलवत दहापर्यंत. सुई बाहेर. सगळं इतकं बिनचूक की पुस्तकात छापावं.

सिस्टर पुढे झाल्या. त्यांनी माझ्यावर हात ठेवला, दाबून बघितलं, मग बोटं नाकाशी नेली. मी मनात म्हणत होते, ओळखा, ओळखा, देवासारख्या ओळखा. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की ओळखलं.

मुलीलाही त्याच क्षणी उमगलं असावं, कारण तिने तोंडावर हात ठेवला. तिला हसू येत होतं की रडू, मला सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही. सिस्टर मात्र हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढून काकूंच्या समोर आणली आणि त्यांचा हात हातात घेतला.

"काकू, तुमची पद्धत एकदम बरोबर आहे. अशीच द्यायची म्हणाले मी, आणि तुम्ही अगदी तशीच दिलीत. आता फक्त ही उशी मधून काढायची."

काकूंना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. एवढे दिवस काहीच गेलं नाही पोटात? सिस्टर म्हणाल्या, नाही गेलं, पण ही चूक तुमची नाही, माझी आहे. शिकवणारीने न बघता सोडायचं नसतं. मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

सिस्टरांनी लगेच वर डॉक्टरांना फोन लावला. ही गोष्ट फार महत्त्वाची होती, कारण डोस वाढत वाढत बराच वर गेला होता. तेवढं औषध एकदम खरोखर पोटात गेलं असतं, तर साखर नको इतकी खाली येऊन काका कोसळले असते. डॉक्टरांनी सांगितलं, पहिल्यापासून, छोट्या डोसवरून सुरू करा, आज, आत्ता, तुमच्यासमोर.

सिस्टरांनी माझी गाठ सोडली आणि मला टेबलावर ठेवलं. काकांनी शर्ट वर केला. खरं पोट बाहेर आलं, पांढुरकं, आत गेलेलं, बेंबीच्या बाजूला एक तीळ. काकूंनी पेन हातात घेतलं आणि त्यांचा हात पुन्हा पहिल्या दिवसासारखा कापायला लागला. इतके दिवस ज्या हाताचं कौतुक होत होतं तोच हात. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्या म्हणाल्या, माझ्याकडून नाही होणार, तुम्हाला लागेल.

काकांना सुईची किती भीती, ते मी सांगितलंच आहे. त्यांनी भिंतीवरच्या, पायांची काळजी सांगणाऱ्या तक्त्यावर नजर खिळवली, खुर्चीचा हात घट्ट पकडला आणि म्हणाले,

"अगं दे. इतके दिवस त्या उशीला दिलंस, ती बिचारी काही बोलली का?"

काकू रडता रडता हसल्या. आणि हसता हसताच, हात कापायचा थांबल्यावर, त्यांनी सुई दिली. दहापर्यंत मोजलं. या वेळी सगळ्यांनीच मनात मोजलं, मुलीनेसुद्धा. सुई बाहेर आली. काकांनी श्वास सोडला.

"लागलं," ते म्हणाले. काकू घाबरल्या. तर ते हळूच त्यांच्याकडे बघून म्हणाले, "मुंगी चावल्यासारखं. पण लागलं हं. म्हणजे आज पोचलं."

घरी निघताना मुलीने काकूंच्या हातून पिशवी काढून घेतली आणि त्यांचा दंड धरून चालू लागली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, कारण मी आता टेबलावरच राहिले होते.

साखर एका दिवसात उतरत नसते. पण उतरली. काकांच्या अंगावर थोडं मांस आलं, तहान गेली, आणि गंमत म्हणजे जुना चष्माच परत बरोबर बसू लागला. नवे केलेले दोन्ही चष्मे बिनकामाचे ठरले. काका म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःच्या दुकानात फसलो. अंगठा हळूहळू गुलाबी झाला, खपली धरली, आणि एक दिवस ते दोन्ही पायांत बूट घालून आमच्या खोलीत आले. मऊ, सैल, सिस्टरांनी सांगितलेले. दहाही बोटं आत होती.

माझ्यात एक बदल झाला. त्याच दिवशी संध्याकाळी सिस्टरांनी कात्री घेतली आणि माझे दोन्ही बंद कापून टाकले. मला वाईट वाटलं, कसं नाही वाटणार, तेवढाच माझ्या अंगावर दागिना होता. पण बरोबर केलं त्यांनी. आता मला कोणी बांधत नाही आणि घरीही नेत नाही. आणि पहिलं खरं इंजेक्शन सिस्टरांसमोर झाल्याशिवाय कोणाला खोलीबाहेर पडता येत नाही, मग वरून कितीही बोलावणी येवोत.

काही महिन्यांनी ती तिघं पुन्हा आली. काकूंना बहिणीकडे राहायला जायचं होतं, तेव्हा मधले दिवस मुलगी देणार होती. तिला शिकायचं होतं. सिस्टरांनी सवयीने मला पुढे सरकवलं. मुलीने माझ्याकडे बघितलं आणि आईकडे वळून म्हणाली, आई, तू शिकव. काकूंनी मला हळूच बाजूला केलं. म्हणाल्या, उशी राहू दे, बाबांनाच दे. मी बघते आहे.

मग मुलगी बाबांसमोर बसली. काकू तिच्या शेजारी खुर्ची ओढून, अगदी खांद्याला खांदा लावून बसल्या. मुलीने पेन उचललं, काकूंनी तिचा हात धरला नाही, नुसत्या बघत राहिल्या. सुई गेली. मोजून झालं. मुलीने आईकडे बघितलं आणि काकूंनी मान हलवली. त्या दिवशी मला कोणी हात लावला नाही. टेबलाच्या कडेला मी नुसती बसून होते, आणि खरं सांगते, इतकं समाधान मला कधीच वाटलं नव्हतं.

मित्रांनो, आता मी म्हातारी झालेय. फोम दबलाय, पडदा विरलाय, बटण एकदा पडून पुन्हा शिवलंय. अजून रोज चार लोक टोचून जातात आणि मी खुशाल टोचून घेते. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरात आजी, आजोबा, आई, बाबा, कोणी औषध घेत असेल, आणि ते बरे होत नसतील, तर त्यांच्यावर रागवायच्या आधी एकदा त्यांच्या शेजारी जाऊन बसा. त्या मुलीने घरातली सगळी कपाटं उघडून बघितली होती. पण आई सकाळी बाबांना औषध कसं देते, ते मात्र तिने एकदाही बसून बघितलं नव्हतं.